थंडी वाजत नव्हती म्हणे!

मी पेट स्कॅनर बोलतोय, आणि आज जरा चढ्या आवाजात बोलणार आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जाड भिंतींच्या खोलीत माझा मुक्काम. अंगाने पांढरा, पोटाला आरपार भोक. मला पाहिलं की भलेभले देवाचं नाव घेतात. ‘याच्यात गेलं की आजार निघतोच’ अशी माझी ख्याती. वा रे न्याय! आजार काय मी वाटतो? तो तुम्ही घेऊन येता, मी फक्त दाखवतो.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात हजारो बारीक स्फटिक बसवून मला इथे आणलं, तर मी दारातून मावेना. मग माझ्यासाठी भिंत पाडली. असं स्वागत मंत्र्याचंही होत नसेल.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार मानेतल्या, काखेतल्या, छातीतल्या गाठींत ठाण मांडतो. तो शोधायला आधी माणसाला साखरेसारखं एक औषध टोचतात, त्यात थोडा किरणोत्सर्गी अंश असतो. मग तासभर गप्प पडून राहायचं. हा आजार मुलखाचा खादाड. साखर सर्वांत जास्त तोच खातो, आणि खातो म्हणूनच सापडतो. माझ्या चित्रात त्या जागा उजळतात. संगणक त्यांची बेरीज करतो आणि अंगात सगळा मिळून आजार किती ते सांगतो. औषध चालू ठेवायचं की बदलायचं, ते बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

ती आली थोरल्या बहिणीला घेऊन. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, म्हणून सगळे तिला कोच म्हणत. काटक, किडकिडीत आणि महाहट्टी. गार पाण्याला कचरणाऱ्या पोरांना ती दटावायची, “थंडी डोक्यात असते!” पहिल्या खेपेला तिची छाती आणि काखा लख्ख उजळल्या होत्या. दोन वाट्या भरतील एवढा आजार होता. मग औषध सुरू झालं. केस गेले, भुवया गेल्या. ताठा तेवढा राहिला.

औषध कितपत लागू पडलं ते बघायला ती पुन्हा आली, तेव्हा आमचा एसी बिघडला होता. बंद पडला असता तर बरं, तो थांबतच नव्हता. औषध टोचायच्या आधी ताईने पांघरूण पुढे केलं.

“अगं घे ना. ओठ बघ कसे निळे पडलेत.”

“मला नाही वाजत थंडी. दे दुसऱ्या कुणाला तरी.”

तंत्रज्ञानेही विचारून पाहिलं. बाईसाहेबांनी मान हलवली आणि तासभर तशाच पडून राहिल्या.

चित्र निघालं. छातीतला उजेड जवळपास विझला होता, पण मान आणि दोन्ही खांदे झगझगीत! संगणकाने इमानेइतबारे सगळ्याची बेरीज केली. आकडा पहिल्याच्या जवळपास.

काचेपलीकडच्या खोलीत डॉक्टरांनी दोघी बहिणींना बसवलं. माइक चालूच राहिला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“आकडा उतरलेला नाही,” डॉक्टर म्हणाले. “औषध लागू पडत नाहीये असं दिसतंय. आता कडक उपचार करावे लागतील. बरेच दिवस इथेच राहायचं. हृदयाला, फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. पोहणं विसरावं लागेल.”

ताईने तोंडावर हात धरला.

“आकडा चुकलाय,” कोच म्हणाली. “खोकला गेला, रात्रीचा घाम गेला, मानेला गाठ लागत नाही. त्या डबड्याला काय कळतंय?”

झालं! नाचता येईना, अंगण वाकडं. असा संताप आला म्हणून सांगू! उजेड खराच होता. तो कशाचा, हे कुणीतरी विचाराल की नाही?

डॉक्टरांनी “गाठ लागत नाही” एवढं मात्र ऐकलं. मी दोन चित्रं काढतो, एक उजेडाचं आणि एक शरीराच्या रचनेचं. त्यांनी खुर्ची ओढून दुसरं चित्र उघडलं. मानेत गाठ नव्हतीच. होती नुसती चरबी.

“स्कॅनच्या वेळी तुम्हाला थंडी वाजत होती का?” त्यांनी विचारलं. “अंगात एक चरबी असते. थंडी वाजली की अंग तापवायला ती साखर जाळते, आणि या चित्रात आजारासारखीच दिसते. थंडी वाजली असेल, तर मी पुन्हा स्कॅन करतो. नसेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल.”

ताई बोलणार तोच कोचने तिचा हात दाबला. मी आतल्या आत ओरडत होतो. बोल ना गं बाई! आयुष्यभर पोरांना सांगितलेलं एक वाक्य खोटं पडेल, दुसरं काय होईल?

“वाजत होती,” ती खाली बघत म्हणाली. “दात वाजत होते. दाबून धरले होते मी.”

साप समजून भुई धोपटायला निघाले होते सगळे!

पुढच्या आठवड्यात ती कानटोपी घालून, दोन पांघरुणांत गुंडाळून आली. ताई पहारेकऱ्यासारखी दारात उभी. मान अंधारी, खांदे अंधारे. छातीत चमचाभर उजेड, बस्स. तेच औषध पुढे चाललं. शेवटच्या खेपेला तो चमचाही रिकामा निघाला. तेव्हा कोचने तलावाच्या काठावर मारावी तशी माझ्या अंगावर थाप मारली. ताई सवयीने म्हणाली, “येतो हं आम्ही.”

कोच गर्रकन वळली. “येतो काय, ताई? जातो म्हण!”

त्यानंतर ती इथे फिरकली नाही. तीच माझी कमाई.

आता मी जुना झालो. माझ्या जागी नवा येणार, असं कानावर आलंय. येऊ दे. पण तोवर मला भिऊन घरी बसू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेला आजार नसतो. या, पांघरूण घ्या, आणि थंडी वाजली तर वाजते म्हणा. त्यात कुणाची मान खाली जात नाही.

मला न्यायला पुन्हा भिंत पाडावी लागेल. पाडा. त्या दिवशी मीही ‘येतो’ म्हणणार नाही.