आईच्या पायाखालचा शाफ्ट

घरात मला भागूबाई म्हणतात. गॅस पेटवताना मी अजूनही तोंड फिरवते आणि कुत्रं दिसलं की रस्ता बदलते. त्यामुळे "ट्रक हादरतोय" असं मी म्हणाले तेव्हा दादा नुसता हसला. माझ्या भीतीला घरात काडीची किंमत नाही.

ट्रक आमचाच. बाबा गेल्यापासून गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडला होता. दादाने मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून तो असा खाली बसवला की मांजरालाही खालून जाताना पोट आत ओढावं लागेल. मेकॅनिकी त्याची, रंग माझा. सजवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनाला उद्या हायवेने जायचं होतं, चांगला लांबचा रस्ता. आणि आई मधल्या सीटवर बसून येणार होती.

मधल्या सीटच्या बरोबर खालून शाफ्ट जातो. म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा मनगटाहून जाड लोखंडी दांडा. तो गरगर फिरत असतो, आणि तो व आईचे पाय यांच्यामध्ये एक पत्रा आणि एक चटई, बस्स. कुणाच्या तरी ट्रकचा शाफ्ट धावताना तुटला आणि पत्रा फाडून आत आला, ही गोष्ट मागे दादानेच जेवताना रंगवून सांगितली होती. त्या दिवशी मला घास गेला नव्हता. आता तोच म्हणत होता, "खाली बसवलेली गाडी थोडी कुरकुरणारच. तुझ्यासारखी."

आईचं तर तिसरंच. "राहू दे रे ती थरथर. माझ्या गुडघ्यांना बरं वाटतं."

तसं दादाने हातपाय हलवले नव्हते असं नाही. चाकं बॅलन्स केली. गाडी खाली बसली की मागच्या आसाचा कोन बिघडतो म्हणून तिथे पाचर घातली. थरथर किंचित कमी झाली, आवाज मात्र होता तिथेच राहिला. मी हट्टाला पेटले. उद्या निघायच्या आधी एक फेरी मारायची, नाहीतर मी येत नाही आणि आईलाही सोडत नाही.

"चल बाई," दादाने किल्ली उचलली. "एकदाची तुझ्या भीतीची शांत करू."

"आई, तू उतर," आधीच चढून बसलेल्या तिला मी म्हणाले.

"मी उतरले तर तुम्ही दोघं भांडत गाडी झाडावर घालाल," आई म्हणाली आणि पदर सावरून मध्येच बसून राहिली.

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता. चाळीसपर्यंत काही नाही. साठला चटई थरथरायला लागली. सत्तरच्या पुढे खालून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला.

"न्यूट्रल कर," मी म्हणाले.

"कशाला?"

"इंजिनाचा आवाज असेल तर बदलेल. तूच शिकवलंयस."

त्याने गिअर काढला. इंजिनाचा वेग खाली आला. आवाज बदलला नाही. इंजिनाच्या आड लपलेला होता तो आता उघडा पडला. घुं घुं घुं घुं. आईच्या टाचा चटईवर आपोआप नाचत होत्या. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, आणि ते गेल्यावर मला जास्तच भीती वाटली. इतका वेळ घाबरायचं काम माझं एकटीचं होतं.

त्याने परत गिअर टाकला. खालून "टक्क" झालं.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. आईचे दोन्ही पाय उचलून मी माझ्या मांडीवर घेतले होते आणि "थांबव, थांबव" असं ओरडत होते.

"अगं सोड! लोक बघतील!" आई म्हणाली.

दादाने गाडी बाजूला घेतली. एवढ्या खाली बसलेल्या गाडीखाली जॅकसुद्धा जात नाही. मागे हौद्यात फळ्या होत्या, त्यांवर त्याने एका बाजूची चाकं हळूच चढवली. तरी त्या फटीत त्याचं पोट मावेना. म्हणजे मीच.

"चाकांना दगड लावलेस?"

"लावले."

"हँडब्रेक?"

"ओढलाय. जा तू. मी धरून उभा आहे."

ट्रक काय धरणार होता, डोंबल! पण थट्टा न करता म्हणाला, म्हणून मी गेले. नाकापासून वीतभर अंतरावर सगळं लोखंड. छातीत असं धडधडत होतं की तो आवाज गाडीचा वाटावा.

शाफ्टच्या पुढच्या टोकाला हात लावला तर चटका बसला. तिथे क्रॉस असतो, अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. त्याच्याभोवती गंजाची लाल भुकटी साचली होती. एका भुजेच्या मुळाशी काळी रेघ दिसली. मी टॉर्च जवळ नेला. रेघ नव्हती, चीर होती.

मग मी शाफ्टभर नजर फिरवली. क्रॉस ज्यांत बसतो ते दोन्ही टोकांचे कान एका रेषेत असावे लागतात. मागचे सरळ होते, पुढचे तिरके.

"दादा, गाडी खाली बसवताना शाफ्ट मधून वेगळा केला होतास ना? परत जोडताना खुणेला खूण जुळवलीस?"

दादा वरून म्हणाला, "खडूची रेघ मारली होती. नंतर सापडलीच नाही. घाईत अंदाजाने घातला."

"ती रेघ होय?" आईचा आवाज आला. "ती मी पुसली, दांडा बाहेर काढून ठेवला होतास तेव्हा. प्रदर्शनात खाली आरसा घालून बघतात म्हणालास. खडूचे फराटे काय बरे दिसतात? रॉकेलने लख्ख केलं सगळं."

शाफ्ट तिरका जोडला की फेऱ्याफेऱ्याला धक्के देतो. ते सगळे धक्के त्या एका तुकड्याने खाल्ले होते.

"किती चीर आहे?" दादाने विचारलं.

"जवळजवळ आरपार. नखाएवढं लोखंड उरलंय."

मी बाहेर आले तेव्हा तो मातीतच बसला होता. "नजरेनेसुद्धा कळलं असतं," तो म्हणाला. "एकदा नीट बघितलं असतं तरी. आणि उद्या हायवेला..." मला भागूबाई म्हणायलाही तो विसरला.

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे ते," तिने हळूच विचारलं, "माझ्या पायाखाली होतं?"

मी तिला धरून खाली उतरवलं, कडेच्या दगडावर बसवलं आणि शेजारी बसले. गाडी केव्हाच बंद झाली होती. तिचे पाय थरथरतच होते.