पिवळे डोळे

निशिगंधाने लेकीची नखं अगदी मुळापर्यंत कापली आणि ओला पंचा तिच्या पोटऱ्यांना गुंडाळला. तरी इंद्रायणी एका टाचेने दुसरा पाय घासतच राहिली. कावीळ तिसऱ्यांदा आली होती, आणि दर वेळी तिच्याआधी ही खाज येऊन बसायची.

"उद्या पोरीला डाग देऊन आणते," उंबऱ्यात लसूण सोलत सासूबाई म्हणाल्या. "मनगटावर नुसता चटका. उतरती कावीळ."

"आत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, हे रक्तातून आलंय. दोन्ही घरांकडून."

"तुमच्याकडनं असंल. आमच्यात न्हाई कुणाला."

नवरा, निरंजन, सेकंड शिफ्टला होता. सकाळी तिला स्वतःला कुरुळीच्या फाट्यावर कंपनीची बस गाठायची होती. मग घरात तो झोपलेला, आणि पोरगी सासूबाईंच्या हाती.

"देहूरोडच्या मामांच्या मनगटावरही डाग आहे ना?" पंचा पिळत तिने विचारलं. सासूबाईंच्या या धाकट्या भावाला तिने एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नात, मांडवाच्या कडेला एकटं जेवताना.

"ज्ञानदेवाची गोष्ट निराळी. त्यो प्यायचा. अधनंमधनं डोळं पिवळं करून यायचा, आन् शपथा घ्यायचा, थेंब न्हाई घेतला म्हणून. बायको निघून गेली तरी शपथाच."

"डाग दिल्यावर बरे झाले?"

"उतरायची. पुन्यांदा यायची. भिंतीला पाय घासत बसायचा. आमी म्हणायचो, दारू मिळंना म्हणून..."

लसणाची पाकळी बोटांतच राहिली. आत पलंगावर टाच घासल्याचा आवाज येत होता.

"फोन लावून दे त्याला," सासूबाई म्हणाल्या.

निशिगंधाने फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला.

"ज्ञानदेवा, अक्का बोलती."

"बोल."

"कावीळ व्हायची तवा तुला खाज सुटायची का रं?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"रक्त निघंस्तोवर," मामा म्हणाले. "सांगत हुतो की, अक्का. तवाच." मग विचारलं, "कुणाला झालंय?"

"निरंजनच्या पोरीला."

"गार फडकं ठेव. सारखं बदलत ऱ्हा. आन् डाग देऊ नगंस तिला."

सासूबाईंनी फोन तसाच, चालूच, मांडीवर ठेवला. सुनेच्या हातातला पंचा घेतला, बादलीत बुडवला आणि पोरीच्या पायांशी जाऊन बसल्या.