चौकातला चोथा

त्या साथीच्या थंडीत थाओबाईच्या दारात उजाडल्यापासून रांग. तोंडाला फडकी बांधलेली माणसं, कडेवर फणफणलेली पोरं. काढ्याच्या वाटीत चिमूटभर 'हिमपूड' पडायची आणि तासाभरात ताप खाली. सात पिढ्यांची पूड, डोंगरावर पौर्णिमेच्या दवात वाळवलेली, असं ती सांगायची. दवात काय वाळतं, हे कुणी विचारलं नाही.

चाळीस वर्षं ही गल्ली खोकला झाला की माझ्याकडे यायची. आता माझी सून यूछिनसुद्धा, सातवा महिना लागलेला असताना, माझा काढा सारून थाओबाईचाच प्यायली. ताप उतरला. मुलगा म्हणाला, "आई, आता तरी मान." माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्याकडे काढ्याचा चोथा चौकात टाकतात. येणारेजाणारे तुडवतात आणि रोग त्यांच्या पायांनी निघून जातो म्हणे. दुसऱ्या दिवशी झाडायचं सोंग करून मी थाओबाईचा चोथा चिवडला. कृती चोरायची होती, खोटं कशाला सांगू. निघालं काय, तर ज्येष्ठमध आणि संत्र्याची साल. त्याने मांजराचाही ताप उतरायचा नाही.

मग उतरवतं कोण? यूछिनने घरी आणलेल्या पुडीत उरलेली हिमपूड जिभेवर ठेवली. थेट माझ्या दाढदुखीच्या गोळीचा कडूपणा. ती गोळी पाच तास पुरते, मग ठणका परत. यूछिनचा तापही तसाच परत चढत होता, आणि आता जिन्यावर तिला धाप लागत होती.

तिला तडक दवाखान्यात नेलं. डॉक्टर वेनबाई म्हणाल्या, "दोन दिवसांच्या आत आणलंत, बरं केलंत. ही कॅप्सूल विषाणूला वाढू देत नाही, पण लवकर घ्यावी लागते." पूड त्यांनी तपासायला पाठवली. उत्तर आलं: तापाच्या साध्या गोळ्या, कुटलेल्या.

आठव्या दिवशी यूछिन घरी आली. मी मुलाला घेऊन रांगेपुढे गेले आणि तो तपासणीचा कागद मोठ्याने वाचायला लावला.

थाओबाई म्हणाली, "पेई आजी जळते माझ्यावर."

"जळतेच," मी रांगेकडे वळून म्हटलं. "म्हणून तर चोथा चिवडला. तुम्ही जळू नका, पण पुडीत काय आहे एवढं तरी विचारा. ताप दबला म्हणजे रोग गेला नाही. धाप लागली, बाई पोटुशी असली, तर आधी दवाखाना."

मागून कुणीतरी विचारलं, "आणि आजी, तुझा काढा?"

प्रश्न मला आवडला नाही. पण सगळे थांबले होते.

"घसा शेकतो," मी म्हटलं. "तेवढंच."