गेरूची सून

तेंगेतिलेला नवऱ्याचा राग होता यात सांगण्यासारखं काही नव्हतं; सिफोफानेनी गावात उन्हाळ्यात उकडतं, हे जसं सगळ्यांना ठाऊक, तसाच तिचा रागही. सांगण्यासारखं एवढंच, की तिने तो राग वाया घालवला नाही.

मेलुसी न्झिमान्झे हा तिचा नवरा. लग्न कचेरीत झालं नव्हतं की चर्चमध्ये झालं नव्हतं. त्यांच्यात होतं तसंच झालं होतं. त्याच्या घरच्या बायकांनी तिला पहाटे झोपेतून उठवून गुरांच्या गोठ्यात नेलं, माहेर सुटल्याचं गाणं म्हणायला लावून रडवलं आणि मग चरबीत कालवलेला गेरू तिच्या अंगाला फासला. एकदा गेरू लागला की बाई त्या घराची. नवरा टाकून जावो नाहीतर विसरून जावो, तिला दुसरं घर करता येत नाही (तो मात्र आणखी बायका आणू शकतो), आणि दुसऱ्यापासून मूल झालंच तर तेही न्झिमान्झ्यांचंच धरतात. मेलुसी इंग्लंडला गेला, लीड्सच्या एका इस्पितळात नर्स झाला, तिथे कायमचं राहायचा हक्क मिळवून बसला. तेंगेतिले इकडे त्याच्या आईची गुरं आणि मक्याचं शेत सांभाळत राहिली.

लीड्सला त्याला नोमालंगा भेटली. तीही त्याच्याच देशातली, तिकडे शिकायला गेलेली. दोन वर्षांहून जास्त काळ दोघं एका घरात राहिली. मग तिचं शिक्षण संपलं, व्हिसाही संपला आणि तिला परत यावं लागलं. आता तिला त्याची बिनलग्नाची जोडीदार म्हणून कायमची न्यायची होती. इंग्रजांचा नियम असा, की दोघांनी नवराबायकोसारखं राहिलेलं असलं पाहिजे, त्याचे पुरावे दिले पाहिजेत, पण कायद्याने किंवा रीतीने दोघांपैकी कोणाचंही लग्न झालेलं असता कामा नये. संसार करा, पण लग्नाचं नाव काढू नका. हे डोकं कोणाचं, देव जाणे, पण मेलुसीच्या ते अगदी पथ्यावर पडलं.

या अर्जासाठीच तो रजा काढून आला आणि नोमालंगाला घेऊन थेट आईच्या घरी उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने तेंगेतिलेला मक्याच्या कणगीमागे गाठलं. आपलं लग्न झालेलं नाही असं त्याने अर्जात लिहून दिलं होतं, आणि नोमालंगाला सांगितलं होतं की तेंगेतिले ही वारलेल्या भावाची बायको. तेव्हा तिने ते निभावून न्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"आणि माझा गेरू?" तिने विचारलं.

"गेरूच तर होता. धुतला की गेला," मेलुसी म्हणाला, आणि वर हसला.

ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. तो धुऊन मोकळा, आणि ती मात्र मरेपर्यंत बांधलेली. त्या क्षणी तिला दुसरं काहीही नको झालं: ना पैसा, ना माफी, ना नवरा. तिला फक्त तो तिच्याइतकाच बांधलेला बघायचा होता. ती म्हणाली, "बरं, निभावते," आणि टोपली उचलून निघून गेली.

त्याच संध्याकाळी ती सासूच्या पायाशी जाऊन बसली. एक परकी पोर आपल्या घरात झोपते, आपल्या भांड्यात जेवते, आणि तिच्या अंगाला गेरू नाही, हे पूर्वजांना कसं चालेल, असं तिने काळजीने विचारलं. या पोरीला रीतसर सून करून घ्यायला सासूला आयतंच कारण मिळालं. आत्याला, म्हणजे मेलुसीच्या बापाच्या बहिणीला, बोलावणं गेलं. नोमालंगाच्या कानावर घातलं तेव्हा तिचे डोळेच भरून आले. लीड्समध्ये ती कितीही पुढारलेली असो, ठेवलेली बाई म्हणून या घरात वावरताना तिला रोज मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. नको म्हणणारा एकटा मेलुसी उरला. अर्जाचं काय होईल, असं तो पुटपुटत होता.

"गेरूच तर आहे," तेंगेतिले सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाली. "धुतला की जातो म्हणालास ना? कागद थोडाच होतोय?"

अर्जात लग्न नाकारल्याचं त्याला आईसमोर उघड करता येईना. कागद होत नाही हे त्यालाही पटलं असावं, कारण शेवटी त्याने मान डोलावली.

शनिवारी पहाटे बायकांनी नोमालंगाला उठवलं. ती गोठ्यात हातातल्या भाल्यावर रेलून उभी राहिली आणि गाऊ लागली. गाणं अर्ध्यावर आलं आणि ती खरीखुरी रडली. ऊन वर आल्यावर तिला चटईवर बसवून मांडीवर घरातलं एक तान्हं मूल दिलं. गेरू लावायचा मान आत्याचा, पण तिची बोटं वळत नव्हती. तिने भांडं तेंगेतिलेकडे सरकवलं आणि नोमालंगाला म्हणाली, "मेलुसीची थोरली बायको स्वतःच्या हाताने तुला घरात घेतेय. नशीब समज, पोरी."

नोमालंगाने चमकून वर पाहिलं. आता विचारायला वेळ नव्हता, आणि नव्या नवरीने बोलायचं नसतं. तेंगेतिलेने आधी तिचा चेहरा माखला, मग हात. मग चरबी जास्त घेऊन तिने कपाळावरच्या केसांच्या मुळाशी आणि कानांमागे गेरू नीट जिरवला. तिथे आठवडाभर तरी साबण चालत नाही, हे ती स्वतःवरून जाणत होती. म्बाबाने शहरातल्या व्हिसाच्या कचेरीत सोमवारी नोमालंगाला बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे होते. फोटोला डोक्यावरचं फडकं काढायला लावतात, आणि खिडकीत बसतात त्या इथल्याच बायका, गेरू बघताच लग्न ओळखणाऱ्या. हे सगळं तिने नोमालंगाकडूनच हळूहळू काढून घेतलं होतं. गेरू चोळता चोळता तेंगेतिलेचे डोळे वाहू लागले. तिला स्वतःची पहाट आठवली होती. बायकांना वाटलं, थोरलीचं मन किती मोठं.

मेलुसी रविवारी विमानात बसला, आणि सोमवारी संध्याकाळी नोमालंगा म्बाबानेहून परत आली. तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि मग तेंगेतिलेच्या शेजारी चटईवर बसली. तेंगेतिले दिवसभर या घडीची वाट पाहत होती. रडणं किंवा शिव्या, दोन्हींची तिची तयारी होती.

नोमालंगाने शांतपणे सगळं सांगितलं. फोटोसाठी फडकं सोडल्याबरोबर खिडकीतली बाई हसली आणि हात जोडून म्हणाली, अभिनंदन हो, कोणाच्या घरच्या सूनबाई? तिने मान खाली घालून घराण्याचं नाव सांगितलं. मग त्या बाईने अर्जाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. बाई चांगली होती. तिने आजूबाजूला बघून हळूच विचारलं, की हे एखाद्या नाचासाठी लावलं होतं का? नाच म्हणालीस तर मी अर्ज पुढे पाठवते. तेवढ्यात मेलुसीचाही फोन आला, आणि अडचण ऐकताच नाचच सांग, असं तोही ओरडून ओरडून म्हणाला.

"मग?" तेंगेतिलेने विचारलं.

"मी म्हटलं, लग्न झालंय. माझंही आणि त्याचंही, माझ्या आधी." नोमालंगाने फडक्याने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि थोरल्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाली, "सीसी, तू केसांत मुद्दाम चोळलंस ना?"

"हो."

"मला काल आरशातच कळलं. कानामागे बोट घातलं तर निघेना. रात्री ते झाकायला टोपी शोधत बसले होते मी. मग आज खिडकीत वाटलं, तुझा गेरू त्याने भावजयीचा केला, माझा गेरू नाचाचा करतोय. तिसरी आली की मी कोण होणार?"

तेंगेतिलेला हवं होतं ते सगळं झालं होतं. अर्ज बुडाला होता, मेलुसीचं खोटं त्याच्याच माणसाने उघडं पाडलं होतं, आणि तरी तिला समाधान होईना. तिने डाव टाकला होता मेलुसीवर आणि लागला होता तो या पोरीला. इंग्लंड गेलं, आणि मरेपर्यंतची गाठ तेवढी पदरात पडली. तिला तसं म्हणायचं होतं, पण एवढंच म्हणता आलं, "तुझं वाटोळं केलं गं मी."

"अर्धं तू केलंस," नोमालंगा म्हणाली. "अर्धं करणारा तिकडे आहे."

चटईवर पडलेला तिचा फोन वाजू लागला. स्क्रीनवर मेलुसीचं नाव होतं. नोमालंगाने तो उचलला नाही, तेंगेतिलेकडे सरकवला.

तिने तो कानाला लावला, तर मेलुसी काही ऐकायच्या आतच बोलू लागला. "मी तेंगेतिले," असं तिने म्हटल्यावर जरा अडखळला, पण थांबला नाही. तिने लिहून द्यावं, की शनिवारी घरात नाच होता आणि ती त्याची भावजय आहे. तो तिला तिकडून काय हवं ते पाठवील. आणि आता त्या मुलीला फोन द्यावा, तिला उद्याच्या उद्या परत कचेरीत पाठवायचं आहे.

"कोणत्या मुलीला?" तेंगेतिले म्हणाली. "इथे मुलगी कोणी नाही, मेलुसी. तुझ्या दोन बायका बसल्यात. थोरलीशी बोलायचंय की धाकटीशी, ते सांग."

पलीकडे इस्पितळात कोणीतरी त्याला कामासाठी हाक मारत होतं. नोमालंगा सरकून जवळ आली आणि तिने फोनला कान लावला. त्याच्या उत्तरासाठी दोघी तशाच बसून राहिल्या; कोणीही फोन ठेवला नाही.