दुसऱ्या डोळ्याचा टाका

आमच्या दुकानातलं प्रत्येक जनावर दीड डोळ्याचं असायचं. कापडी ससा असो, हत्ती असो की अस्वल, डावा डोळा पक्का शिवलेला आणि उजवा नुसता कच्च्या टाक्यावर अडकवलेला. ही माझ्या जाऊबाईंची पद्धत. दुकान आम्हा दोघी जावांचं. त्या मागच्या खोलीत शिवायच्या, मी पुढे गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळायचे. एखाद्या पोराने ससा निवडला की मी आत हाक मारायचे. मग जाऊबाई सुईदोरा घेऊन बाहेर यायच्या, पोराला स्टुलावर बसवायच्या आणि उजवं बटण जरा वर, जरा खाली सरकवत विचारायच्या, "बघ बरं, असा हवा की असा?" बटण कणभर हललं तरी सशाचा चेहरा बदलतो. एका जागी तो लबाड दिसतो, दुसऱ्या जागी झोपाळू. पोराने मान डोलावली की त्या तिथल्या तिथे डोळा पक्का करायच्या.

मला या सोहळ्याचा वैताग यायचा. मागे गिऱ्हाइकं ताटकळायची. "आतच काय ते उरकून टाकत जा ना," मी म्हणायचे.

"अगं, ज्याच्या घरी जायचं त्याच्याकडे नीट बघायला नको का सशाने?" यावर मी तोंड वाकडं करायचे.

मग तो नियम आला. लहान मुलांचं प्रत्येक खेळणं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं. प्रमाणपत्र नसेल तर विक्री बंद, तरीही विकलं तर माल जप्त आणि दुकानाला टाळं. मी नियमाला नावं ठेवणार नाही. कुठेतरी एका तान्ह्या बाळाने खेळण्याचा डोळा गिळला होता आणि ते वाचलं नव्हतं. ती बातमी ऐकून जाऊबाईंना त्या दिवशी घास गिळवला नाही. पण नियम कितीही चांगला असला तरी तो वाचताना आमच्यासारख्यांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून आम्ही एक सल्लागार गाठले. कोणताही प्रश्न विचारला की ते "परिशिष्ट बघावं लागेल" म्हणायचे, म्हणून घरात आम्ही त्यांचं नावच परिशिष्ट ठेवलं.

नमुना पाठवायची वेळ आली तेव्हा परिशिष्टांनी फोनवर बजावलं, "मुद्दाम सजवलेला नमुना चालणार नाही. तुम्ही रोज जे बनवता तेच पाठवा."

फोन कानाला तसाच ठेवून मी आत ओरडले, "जाऊबाई, ससा नेहमीसारखाच करा हं. जास्तीची कलाकुसर नको."

"नेहमीसारखाच? अगदी तसाच?" आतून आवाज आला.

"हो हो, अगदी तसाच," मी म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले.

निकाल घेऊन परिशिष्ट स्वतः दुकानात आले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चांगली बातमी असती तर फोनवर भागलं असतं. नमुना नापास झाला होता. प्रयोगशाळेत खेळण्याचे डोळे यंत्राने ओढून बघतात. डावा डोळा यंत्राला दाद देईना, पण उजवा ओढायला सुरुवात करताच हातात आला.

माझं डोकं फिरलं. मुदत तोंडावर आली होती, कपाटं मालाने भरली होती आणि समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. माझी जीभ सैल सुटली. "सगळा जन्म डोळे शिवण्यात गेला तुमचा, आणि एक डोळा धड शिवता आला नाही? उद्या एखाद्या लेकराच्या घशात गेला असता म्हणजे?"

जाऊबाई दारात उभ्या होत्या. "अगं, तो कच्चाच होता," त्या हळूच म्हणाल्या. "नेहमीसारखाच कर म्हणालीस ना तू."

खरं तर तेव्हाच मी जीभ चावायला हवी होती. माझ्या लक्षात आलं होतं, अगदी लख्ख आलं होतं. पण चारचौघांत चूक आपल्या अंगावर येते असं दिसलं की माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, हा माझा स्वभाव. "एवढंही कळू नये का तुम्हाला?" मी म्हणाले. "तपासायला चाललेल्या वस्तूला कुणी कच्चा टाका ठेवतं का?"

त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढून गल्ल्यावर ठेवलं आणि आत गेल्या.

परिशिष्टांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे, दोन्ही डोळे पक्के शिवून पुन्हा नमुना पाठवायचा. दुसरी, बटणं सोडून द्यायची आणि यंत्राच्या भरतकामाचे डोळे करून घ्यायचे. त्यात निघण्यासारखं काही उरतच नाही. "हाताच्या कामाची खात्री कोण देणार?" ते म्हणाले. मी आतल्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. यंत्राचे करा, म्हणून सांगून मोकळी झाले.

यंत्राचे डोळे पहिल्या फटक्यात पास झाले. प्रमाणपत्र चौकटीत घालून मी गल्ल्यामागे टांगलं. विक्रीही बरी चालली. सगळे ससे आता एकाच नजरेने समोर बघतात, म्हणजे नेमके कुणाकडेच बघत नाहीत. पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. स्टूल पुढून हलवून मी मागच्या खोलीत ठेवलं. जाऊबाई त्यावर बसून पिशव्यांना लेबलं लावू लागल्या. त्यांनी अबोला धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळ्या झालो असतो.

एका दुपारी दुकान जेवणापुरतं बंद होतं. मी घरून माझ्या लेकीचा जुना हत्ती पिशवीत घालून आणला होता. लेक आता कॉलेजला जाते. लहानपणी तिने त्या हत्तीला कानाला धरून फरफटवलं होतं, आंघोळ घातली होती, दातांनी चावलं होतं. मी तो जाऊबाईंसमोर धरला आणि उजवा डोळा चिमटीत पकडून जीव खाऊन ओढला. कापड ताणलं, हत्तीचं तोंड वेडंवाकडं झालं, माझी नखं दुखली. बटण हललं नाही.

"बघा," मी म्हणाले. "तुमचा पक्का टाका आहे हा. यंत्राच्या बापाकडूनही निघाला नसता. माझं चुकलं जाऊबाई. तेव्हाच म्हणायला हवं होतं. आपण पुन्हा अर्ज करू, बटणांचे डोळे पाठवू."

हे बोलायला मी फार वेळ लावला होता. मला वाटलं होतं, त्या हसतील, नाहीतर रडतील तरी. त्यांनी हत्ती हातात घेतला, दोन्ही डोळे ओढून पाहिले आणि पुन्हा ओढून पाहिले.

"हा नाही निघाला," त्या म्हणाल्या. "पण बाकीच्यांचं काय गं? किती घरांत गेलेत माझे डोळे. गर्दीच्या दिवशी एखादा पक्का करायचा राहून गेला असेल तर? तू त्या दिवशी म्हणालीस ना, लेकराच्या घशात. तेव्हापासून मला तेच दिसतं."

"अहो, मी रागात बोलले. तुमचा एकही डोळा निघाल्याचं कुणी कधी येऊन सांगितलंय का?"

"सांगायला आलं नाही म्हणजे निघाला नाही, असं थोडंच असतं?"

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्जाला नाही म्हणाल्या.

आता त्या पुन्हा पुढे बसतात. स्टूल त्यांनीच बाहेर आणलं. आत येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतात, "आमच्याकडचं जुनं काही आहे का घरी? घेऊन या, डोळे तपासून देते." बायका आणतातही. कुणाचं पोटमाळ्यावरचं अस्वल, कुणाचा कान तुटलेला ससा. जाऊबाई तो मांडीवर घेतात आणि आधी डावा, मग उजवा डोळा ओढून बघतात. अजून एकही निघालेला नाही. दर वेळी मला वाटतं, आता तरी यांना पटेल.

त्या ससा परत देतात आणि विचारतात, "आणखी कुणाकडे आहे का हो?"