दोनशे मीटरची पाटी

त्याने सायकलचं पुढचं चाक विजेच्या खांबाशी आणून थांबवलं, गिअर सगळ्यात जड केला आणि मान वर न करता ओरडून विचारलं, "तयार?"

"मी केव्हाची तयार आहे," बायको तिकडून ओरडली. गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर, पुढच्या खांबापाशी स्कूटर लावून ती स्टॉपवॉच घेऊन बसली होती. "तूच पाच मिनिटं नुसता श्वास घेत बसलायस."

"दोन स्प्रिंटच्या मध्ये पाच मिनिटं घ्यावीच लागतात."

"बरं बाबा. निघ आता."

तो पेडलवर उभा राहिला. पहिल्या दोन फेऱ्यांत साखळी तुटते की गुडघा, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. तिसऱ्या फेरीला सायकल सुटली. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा त्याचं तोंड इतकं वेडंवाकडं झालं होतं, की लग्नाआधी ते पाहिलं असतं तर तिने दुसरं स्थळ बघितलं असतं. हे तिने त्याला अनेकदा ऐकवलं होतं.

"सात पूर्णांक आठ," ती म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी हेच अंतर कापायला त्याला नऊ सेकंदांच्या वर लागत होते. तो हँडलवर ओणवा होऊन धापा टाकत होता, पण हसत होता.

सायकल क्लबात त्याला सगळे इंजिन म्हणायचे आणि त्याच्या धाकट्या भावाला गोळी. ही नावं ठेवणारा कोण होता देव जाणे, पण अचूक ठेवली होती. बावीस वर्षं शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात थोरला पुढे आणि धाकटा त्याच्या चाकामागे, वाऱ्याच्या आडोशाला, असंच चाललं होतं. थोरल्याने वेग वाढवत न्यायचं, शेवटचे दोनशे मीटर उरल्याची पाटी आली की डावीकडे सरकायचं आणि पाय सैल सोडायचे. मग धाकट्याने राखून ठेवलेली सगळी ताकद काढून उजवीकडून निसटायचं आणि जिंकायचं. धाकट्याच्या घरात करंडक ठेवायला काचेचं कपाट करून घ्यावं लागलं होतं. थोरल्याने त्या कपाटाचं दार दोनदा दुरुस्त करून दिलं होतं. लिफ्टदुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाकडे हत्यारं असतातच, त्यात विशेष ते काय.

कुणी विचारलं, तुम्हाला कधी वाटत नाही का स्वतः जिंकावं, तर तो म्हणायचा, "माझं काम वेगळं, त्याचं वेगळं." वाटत कसं नसेल? चांगलंच वाटायचं. पण सुरुवातीला आई म्हणाली होती, तो लहान आहे, त्याला पुढे काढ. त्यानंतर हा विषय कुणी काढलाच नाही.

सत्तेचाळीस पूर्ण झाली आणि त्याची उसळी गेली. दम होता, शंभर किलोमीटर तो कुणालाही ओढत नेईल, पण एका क्षणात जो वेग घ्यावा लागतो तो पायांत येईना. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आधी तेच जातं. हेही त्याने गिळलं असतं. पण गेल्या मोसमाच्या जेवणाला, क्लबाच्या तीस माणसांसमोर, धाकटा हसत हसत म्हणाला, "दादाच्या मागे बसलं, की आता मला ब्रेक लावावा लागतो."

सगळे हसले. तोही हसला. 

दुसऱ्या दिवसापासून त्याने लांबच्या फेऱ्या बंद केल्या. खांद्यावर वजन घेऊन उठाबशा सुरू केल्या. इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला की दहा-दहा मजले तो जिन्याने चढायचा, तेही दोन-दोन पायऱ्या एकदम. लोकांना वाटायचं, दुरुस्ती करणाऱ्याचाच लिफ्टवर भरवसा नाही. धाकट्याला त्याने काही कळू दिलं नाही.

"एवढं मरमर करतोयस ते त्याच्यासाठी?" स्टॉपवॉच पर्समध्ये टाकत बायकोने विचारलं.

तो बुटाचा पट्टा आवळत राहिला. आवळायचा होता त्याहून जास्त आवळला, मग सैल केला.

"नाही," तो म्हणाला. "एकदा मला स्वतःला ती शेवटची रेघ ओलांडायची आहे. सगळ्यांत आधी. एकदाच."

"मग ओलांड की. तुला कोणी धरलंय?"

मग शर्यतीचा दिवस आला. शेवटच्या किलोमीटरला वीसेक जण उरले होते. मागून धाकट्याचा आवाज आला, "चल दादा." तोच आवाज, तोच हुकूम. चारशे मीटर उरले तेव्हा तो पेडलवर उभा राहिला.

उसळी आली. चार महिने जिची वाट पाहिली ती अंगात अशी आली, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मागून "दादा, हळू" असं ऐकू आलं, मग तेही येईनासं झालं. काखेखालून त्याने मागे पाहिलं. चाकामागे कोणी नव्हतं. धाकटा पाच सायकली मागे पडला होता आणि बाकीचे त्याच्याही मागे. समोर मोकळा रस्ता होता, कमान होती, माणसं होती आणि ती रेघ. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याची होती आणि ते त्याला कळलंही होतं.

दोनशे मीटरची पाटी आली. तो डावीकडे सरकला आणि त्याने पाय सोडले.

विचार करून नाही. हात वळले, पाय सुटले, जणू कोणी बटण दाबलं. आपण काय केलं हे कळायला त्याला पेडलच्या दोन फेऱ्या लागल्या. त्याने पुन्हा उभं राहून जोर लावला, पण एवढ्या जड गिअरवर गेलेला वेग परत येतो थोडाच. उजवी बाजू त्याने अगदी शिस्तीत मोकळी ठेवली होती. तिथून दुसऱ्या क्लबाचा टकला बँकवाला गेला, मग आणखी दोघं, मग त्याला गाठताना दम संपलेला धाकटा. तो पाचवा आला.

कुंपणाला सायकल टेकवून तो जमिनीकडे बघत उभा होता. बायकोने येऊन पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तिने सगळं पाहिलं होतं. मग क्लबाचा मॅनेजर आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय उसळी आहे राव. पुढच्या मोसमातही ओढायला तूच. गोळीला तुझ्यामागे टिकायला शिकवू."

शेवटी धाकटा आला. सायकल तशीच आडवी टाकून तो थोरल्यासमोर उभा राहिला. डोळे लाल झाले होते, आणि ते घामाने नव्हते.

"जिंकला होतास तू," तो म्हणाला. "मी बघत होतो ना मागून. माझ्यासाठी थांबलास?"

थोरल्याने बाटलीचं झाकण लावलं. बायको त्याच्याकडे बघत होती. आता खरं सांगून टाकील, असं तिला वाटलं. एक वाक्य पुरलं असतं.

धाकट्याने त्याचे दोन्ही खांदे धरले. "इतकी वर्षं मला वाटायचं, दादा हे मनाविरुद्ध करतो. आतून जळत असेल. ते माहीत असूनही मी तुझ्या मागे बसायचो. आज कळलं, तसं नव्हतं."

थोरल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणजे याला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं.

"नाही रे," तो म्हणाला. "तसं कधीच नव्हतं."

बायकोने त्याची सायकल उचलली आणि ती एकटीच गाडीकडे चालू लागली.