आपण होऊन

पुराचं पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या त्या महापालिका शाळेच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीची काळपट रेघ उरली होती. खालच्या वर्गांमधे घोटे बुडतील एवढा गाळ होता, बाकं एकमेकांवर चढून बसली होती आणि दार उघडलं की वासानं डोकं उठत होतं. विश्वामित्रीला पूर येणं बडोद्याला नवं नाही, पण या खेपेला पाणी कुणाला न विचारता थेट वर्गात येऊन राहिलं होतं.

या शाळेत निरुपमाची संस्था शिकवणीचे वर्ग चालवत असे. कॉलेजची मुलं शनिवारी सकाळी आणि रोज संध्याकाळी यायची, वस्तीतल्या पोरांना वाचन-गणित शिकवायची. निरुपमा या मुलांची संयोजक होती. राहायला सुभानपुऱ्यात, पणजोबा बडोदा संस्थानाच्या शिक्षणखात्यात होते, वडील विद्यापीठात शिकवत. पोरीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांना वाटे. तिनं समाजकार्याची पदवी घेतली आणि ही नोकरी धरली. वस्तीतली पोरं तिला 'नीरुबेन' म्हणत. तिला ताई म्हणणारा सगळ्या गटात एकच होता, अनुज मोहिते.

अनुज जुन्या शहरातल्या वाडी भागातला. मोहित्यांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेत होते म्हणे. आता वडील गणपतराव कोयलीच्या रिफायनरीकडे एका कंत्राटदारामार्फत पहारेकरी होते आणि अनुज पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. शिकवण्याचं तंत्र वगैरे त्याला काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं सहावीच्या पोरांना वर्गातून बाहेर काढलं आणि शाळेची ओसरी वितींनी मोजायला लावली. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. कुणाची वीत खरी यावरून पोरं हातघाईवर आली, मुख्याध्यापिका धावत आल्या. अनुज शांतपणे म्हणाला, "आता कळलं ने, मीटरपट्टी कशाला लागते ते?" त्या दिवसापासून पोरं त्याची वाट बघत दारात उभी राहायला लागली.

पुरानंतर शाळा साफ करायची ठरलं, तेव्हा संस्थेचे प्रमुख सलीलभाई यांनी सगळ्यांना स्पष्ट बजावलं होतं की, गमबूट आणि हातमोजे येईपर्यंत कुणीही गाळात उतरायचं नाही. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोचा ताप चढतो, हे त्यांनी डॉक्टरांना बोलावून समजावून दिलं होतं. काही आयाबापांनीही पोरांना घरी अडवलं. अनुजच्या आईनं, कौशल्याबाईंनी, त्याच्याकडून शब्दच घेतला. गमबूट अहमदाबादहून यायचे होते, आणि ते काही येत नव्हते.

मग तो रविवार आला. सकाळीच सलीलभाईंचा निरुपमाला फोन आला. सोमवारी शाळा पुन्हा उघडायची, पाहुणे येणार, महापालिकेचे अधिकारी येणार. आणि महापालिकेच्या माणसांनी बाकीच्या खोल्या धुतल्या तरी कोपऱ्यातला सहावीचा वर्ग तसाच टाकलाय. तेवढा एक कुणाकडून तरी उरकून घे, असं ते म्हणाले. निरुपमानं गमबुटांची आठवण करून दिली. सलीलभाईंनी सांगितलं की, एका खोलीचा तर प्रश्न आहे, अनुजला विचार, त्याला वाडीहून जवळ पडतं.

निरुपमानं अनुजला फोन केला. तो आधी घुटमळला. आदल्या दिवशी बाइकचा स्टँड लागून टाच सोलली होती, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून घे. तासाभराचं तर काम आहे." तो हसला आणि येतो म्हणाला.

ती पोचली तेव्हा त्यानं अर्धा वर्ग खरवडून काढला होता. पिशवी केव्हाच फाटून घोट्याभोवती लोंबत होती. निरुपमाच्या पायात मात्र गमबूट होते. पुराच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांनी बाजारातून आणलेले. ते तिला त्या वेळी जाणवलं. आपले बूट त्याच्या पायात बसणार नाहीत, हेही तिनं मनाशी ठरवून टाकलं. मग तिनं झाडू घेतला आणि दोघांनी मिळून वर्ग धुऊन काढला. सोमवारी पाहुण्यांनी त्याच वर्गात पोरांबरोबर फोटो काढले.

पुढल्या आठवड्यात अनुजला ताप भरला. घरच्यांना वाटलं साथीचा असेल, गावात तेव्हा घरोघरी ताप होते. पण पोटऱ्या एवढ्या दुखायला लागल्या की त्याला जिना चढवेना, मग डोळे लाल झाले, मग पिवळे. दवाखान्यात नेईपर्यंत मूत्रपिंडावर परिणाम झाला होता.

निरुपमा भेटायला गेली तेव्हा कौशल्याबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. तिला पाहून त्यांनी मान हलवली आणि पाणी भरायला म्हणून बाहेर गेल्या. अनुजचे ओठ सुकले होते. त्यानं तिला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "घरी सांगितलंय, मीच गेलो होतो म्हणून. मला मुलांच्या वर्गाचं बघवलं नाही म्हणून. तू काही बोलू नकोस. नाहीतर आई शाळेत येऊन तुझ्याशी भांडेल."

निरुपमा म्हणाली, "अरे, पण..."

"बरा झालो की मीच सांगेन तिला. मग ती मलाच मारेल."

कौशल्याबाई तांब्या घेऊन आत आल्या. त्यांनी लेकाला उठवून पाणी पाजलं, तोंड पुसलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. काळजीनं बाईंची वाचा बसली असेल, असं निरुपमाला वाटलं. खरं सांगायचं तर, गप्प राहायला सांगितलं गेलं याचं तिला जरा हायसंच वाटलं.

अनुज बरा झाला नाही. अतिदक्षता विभागात हलवल्यावर तो शुद्धीवर असा आलाच नाही, आणि एका दुपारी गेला.

शोकसभा शाळेच्याच पटांगणात झाली. सलीलभाई बोलताना रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण बोलले ते हे, की सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता, आपण होऊन हा मुलगा गाळात उतरला. सभेनंतर त्यांनी निरुपमाला बाजूला घेतलं. संस्थेनं मनाई केली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हेच राहू दे, असं ते म्हणाले. नाहीतर महापालिका परवानगी काढून घेईल, घरचे बाकीच्या मुलांना पाठवणार नाहीत आणि वस्तीतल्या पोरांचा वर्ग बंद पडेल. अनुजला ते आवडलं असतं का, असंही त्यांनी विचारलं. घरी वडिलांनी तेच सांगितलं, जरा निराळ्या शब्दांत. तिनं खरं कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी सहावीच्या वर्गात जायची, फळ्यावर गणित लिहायची आणि पोरं खाली मान घालून ते उतरवून घ्यायची. ओसरीकडे कुणी बघायचं नाही.

संस्थेनं अनुजचा मरणोत्तर सत्कार करायचं ठरवलं आणि त्याच्या आईवडिलांना बोलवायला निरुपमालाच पाठवलं.

वाडीतलं ते घर बोळाच्या आत होतं, पुढची खोली आणि मागं स्वयंपाकघर. गणपतरावांनी खुर्ची पुढं केली. अंगावर पहाऱ्याचा गणवेश होता, दुपारपाळीला निघायचं होतं. कौशल्याबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. निरुपमानं कसंबसं निमंत्रण सांगितलं.

गणपतराव म्हणाले, "येऊ आम्ही. त्याचं नाव होतंय, तर यायला पाहिजे."

"मी नाही येणार," कौशल्याबाई म्हणाल्या. "कशाचा सत्कार? मला शब्द दिला होता त्यानं. संस्थेनं नको म्हटलं, आईनं नको म्हटलं, तरी मेला आपण होऊन गेला. पायाला जखम असताना. आईबापापेक्षा त्याला ती खोली मोठी झाली. अशा पोराला हार कसला घालायचा?"

गणपतरावांनी त्यांना दबक्या आवाजात थांबवलं. तो गेलाय, आता पुरे, असं ते म्हणाले. रोज हेच चालत असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

निरुपमा घरून निघाली तेव्हा काही सांगायचं असं ठरवून निघाली नव्हती. पण त्या बाईच्या तोंडातला 'मेला' हा शब्द, जो एरवी आया लाडानंही वापरतात, तो असा कडू होऊन बाहेर पडताना ऐकला आणि तिला तिथं बसणं अशक्य झालं.

ती म्हणाली, "तो आपण होऊन गेला नव्हता. मी फोन करून बोलावलं होतं."

गणपतरावांनी डोक्यावर घालायला उचललेली टोपी खाली घेतली.

"जखमेचं त्यानं मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, पिशवी बांधून ये. सोमवारी पाहुणे येणार होते. तो माझ्यासाठी खोटं बोलला."

कौशल्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे त्याला बोलावणं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यानं माझा शब्द आपल्या मनानं मोडला नाही."

"नाही. तो आधी नको म्हणत होता."

कौशल्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. थोड्या वेळानं त्यातून एक आवाज निघाला, तो रडण्यासारखा नव्हता, काहीतरी फाटल्यासारखा होता. शेजारची बाई दाराशी आली आणि तशीच परत गेली. निरुपमा खुर्चीवरून खाली उतरून त्यांच्याजवळ सरकली, तेव्हा त्यांनी हातानं तिला दूर सारलं.

"तू आता जा," त्या म्हणाल्या. "आणि ह्या घरात परत येऊ नकोस."

गणपतराव तिच्या मागोमाग बोळाच्या तोंडापर्यंत आले. टोपी हातातच होती. रिक्षा, हातगाड्या, पतंगाच्या मांज्यावाल्याचं दुकान, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. ते रागावतील, निदान आवाज चढवतील, असं तिला वाटलं. पण ते खालच्या आवाजात, शब्द शोधत बोलले.

"ताई, तुम्ही हे दवाखान्यात सांगायला पाहिजे होतं. रागानं ती त्याच्याशी बोलत नव्हती. पाणी पाजायची, कपडे बदलायची, पण बोलायची नाही. तो आई आई करायचा. म्हणायची, बरा हो, मग बोलते. मग त्याची शुद्धच गेली."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग कोयलीची बस चुकेल म्हणून ते निघून गेले.

त्याच संध्याकाळी तिनं सलीलभाईंना जाऊन सांगितलं की, मोहिते सत्काराला येणार नाहीत आणि का येणार नाहीत. सलीलभाई डोकं धरून बसले. फोन तर मीच केला होता ने, असं एकदा ते पुटपुटले, पण ते तिला उद्देशून नव्हतं. सत्कार रद्द झाला. गणपतरावांनी महापालिकेत तक्रार केली, चौकशी लागली, आणि निरुपमाला जबाबासाठी बोलावणं आलं. वडिलांनी वकील बघितला होता. विचारतील तेवढंच सांग, असा त्याचा सल्ला होता. तिनं सगळं सांगितलं, सलीलभाईंचं आणि स्वतःचं. अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, लिहून घेऊ का असं. घ्या, म्हणाली.

बाहेर आली तेव्हा कौशल्याबाई बाकावर एकट्या बसल्या होत्या. गणपतराव आत गेले होते. निरुपमा मान खाली घालून पुढं निघाली.

"थांब," त्या म्हणाल्या.

ती थांबली. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"त्या दिवशी त्यानं काही खाल्लं होतं का गं? तिथं, शाळेत?"

निरुपमाला हो म्हणता आलं असतं. ते ऐकायला ती बाई किती आसुसली होती, हे तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. घरी आई वाट बघत असेल, तिथंच जेवतो, म्हणाला."

कौशल्याबाईंनी मान हलवली. "आणि घरी येऊन म्हणाला, बाहेर खाऊन आलोय, भूक नाही. तेव्हाच बारीक ताप असेल. मी हात लावून बघितलंच नाही." एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि निरुपमा तिथं आहे की गेली, हे पुन्हा वळून पाहिलं नाही.

चौकशी संपायच्या आधीच संस्थेची परवानगी गेली. सलीलभाई म्हणाले होते तसंच झालं. संध्याकाळचे वर्ग बंद पडले. निरुपमानं मुख्याध्यापिकांना, मला एकटीला येऊन शिकवू द्या, म्हणून विनवलं. त्या भल्या बाई होत्या, पण बाहेरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही असा आदेश निघाला होता. फाटकापाशी सहावीची दोन-चार पोरं उभी होती. वर्ग कधी सुरू होणार, असं त्यांनी नीरुबेनना विचारलं. आता होणार नाही, असं तिनं त्यांना सरळ सांगितलं. पोरं थोडा वेळ तिथंच रेंगाळली आणि मग एकेक करून वस्तीकडे निघून गेली.